सहलीतला पेपर

"अगं, ऊठ! घुमट बघायचा राहिलाय," फोटोग्राफर म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे. माझे पाय बोलायला लागलेत," म्हणत त्यांची बायको परीक्षा-दालनातल्या शेवटच्या बाकावर टेकली.

सहलीतले सगळे तिला मावशी म्हणत. विद्यापीठाचं हे जुनं शहर बघायचा हट्ट मावशींचाच. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आलेली असताना घरच्यांनी त्यांचं लग्न उरकून टाकलं होतं, आणि ती न दिलेली परीक्षा अजूनही त्यांच्या स्वप्नात यायची. उंच रंगीत काचांतून बाकांवर ऊन सांडलं होतं. मावशींचा डोळा कधी लागला, त्यांनाही कळलं नाही.

जाग आली तेव्हा दालन मुलांनी भरलं होतं आणि समोर प्रश्नपत्रिका होती. नेहमीचंच स्वप्न, मावशींना वाटलं. फक्त नेहमी पेन सापडत नसे; आज पर्समध्ये चक्क सापडलं.

"ओळखपत्र?" पर्यवेक्षकांनी विचारलं.

मावशींनी गळ्यातलं सहलीचं कार्ड पुढे केलं. पर्यवेक्षकांचा चष्मा कपाळावर होता. "लिहा," ते म्हणाले.

पहिला प्रश्न: तुटपुंज्या उत्पन्नात राज्यकारभार कसा चालवावा? मावशींना हसूच फुटलं. जन्मभर दुसरं केलंय काय! राजाच्या जागी त्यांनी नवरा धरला, शेजारच्या राज्याच्या जागी नणंद, आणि पेन सुसाट सुटलं.

इकडे घुमट, ग्रंथालय, बाग सगळं पालथं घालून फोटोग्राफर धापा टाकत दालनात शिरले. "अगं, बस निघाली!"

पर्यवेक्षक धावले. "कोण हो तुम्ही?"

"नवरा! ती बघा माझी बायको!"

"बाई, यांना ओळखता?"

हे स्वप्न नाही, हे मावशींना आता पुरतं कळलं. हो म्हटलं की हातचा पेपर जाणार होता, तोही दुसऱ्यांदा.

"पेपर संपल्यावर ओळखीन," त्या म्हणाल्या. "सर, एक पुरवणी द्या."

पर्यवेक्षकांनी फोटोग्राफरना दंडाला धरून बाहेर काढलं. चिडून त्यांनी दाराच्या काचेतून आत पाहिलं. बायको मान खाली घालून लिहीत होती. जन्मभर लोकांचे चेहरे टिपले, पण घरातला हा चेहरा आपण कधी पाहिलाच नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

तेवढ्यात गाईड ओरडत आला. "काका, मावशी कुठायत? बस सोडतोय हं!"

"खुशाल सोडा," फोटोग्राफर पायरीवर बसत म्हणाले. "आणि हळू बोला. आत आमच्या हिचा पेपर चाललाय."