डाळिंबी स्कार्फची घडी

स्कार्फ विकत घ्यायचा तर आधी त्या स्कार्फची संमती लागते, मग हे टूर कंपनीच्या माहितीपत्रकात का छापलेलं नाही? अवधूतनं हा प्रश्न टूर मॅनेजर रसाळला विचारला, ठाण्याच्या टिपणीस काकूंना विचारला, परतीच्या विमानात पाणी देणाऱ्या मुलीलाही खुणांनी विचारून पाहिला. उत्तर कुणीच दिलं नाही. आधी का सांगितलं नाही, हे त्यानं महिन्यापूर्वी दवाखान्याच्या पायऱ्यांवरही विचारलं होतं. तिथंही सगळे आपापल्या चपला शोधत राहिले होते.

तलावाकाठचं ते थंडगार परदेशी गाव स्कार्फसाठी नावाजलेलं होतं. दुकान बोळकांडीसारखं अरुंद होतं. दोन्ही बाजूंच्या लाकडी फळ्यांवर स्कार्फ घडी घालून बसलेले असत. गिऱ्हाइकानं एखाद्यासमोर उभं राहायचं आणि तो कुणाच्या मानेसाठी हवा ते सांगायचं. स्कार्फ दोन-चार गोष्टी विचारी. पटलं तर घडी सैल सोडी, नाही पटलं तर फळीला चिकटून बसे, आणि मग तो ओढून निघत नसे. दुकानाची मालकीण, एक उंच म्हातारी, या कारभारात लक्ष घालत नव्हती. संमती झालेल्या मालाला कागद गुंडाळणं एवढंच तिचं काम.

स्कार्फ मराठीत बोलत होते, पण त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. जन्मभर माणसाच्या गळ्याशी राहायचं म्हटल्यावर माणसाची भाषा यायलाच हवी.

पहिला नंबर टिपणीस काकूंनी लावला.

"सुनेसाठी हवाय," त्या निळ्या स्कार्फला म्हणाल्या.

"सूनबाईंना निळा रंग आवडतो का?"

"आवडेल की. न आवडायला काय झालं?"

"आवडतो का, असं विचारलं."

काकूंनी मागं वळून काकांकडं पाहिलं. काका छताकडं पाहू लागले.

"बरं, तुम्ही स्वतःच्या हातानं त्यांच्या गळ्यात घालाल का?" निळ्यानं विचारलं.

"इश्श! पिशवीत घालून देईन."

"मग माफ करा," निळा म्हणाला आणि घट्ट झाला.

"मेला स्कार्फ आहे की वकील!" असं म्हणत काकू शेजारच्या दुकानात फ्रिजला लावायची चुंबकं घ्यायला निघून गेल्या. चुंबकं काही विचारत नव्हती.

आता अवधूत पुढं झाला. आडनाव कदम, गाव जयसिंगपूर. सातवीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून भाजीच्या टेम्पोवर, आधी हमाल आणि मग ड्रायव्हर. ही सहल त्याची नव्हती. त्याच्या बहिणीची, सुनंदाअक्काची होती. अक्का घरी जेवणाचे डबे करायची. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. बर्फ बघायचा म्हणून तिनं भिशी लावून दोघांची सहल ठरवली आणि गल्लीभर सांगत सुटली, "प्रत्येकीला परदेशातनं स्कार्फ आणणार. स्कुटीवर बांधा आणि मिरवा." मग तिला ताप आला आणि त्या तापातच ती गेली. दुखवट्याला मामांनी टॉवेल आणला, तो अवधूतनं खांद्यावर घेतला नाही. खुंटीवर टाकला. त्याची घडीही तशीच होती. मामा म्हणाले, "निदान सहलीला तरी जा. अक्काचा शब्द आहे." म्हणून तो आला होता. बसमध्ये त्याच्या शेजारची सीट रिकामी होती आणि तिच्यावर तो कुणाला पिशवीसुद्धा ठेवू देत नव्हता.

रीत पाळत बसायला त्याला धीर नव्हता. त्यानं सरळ एक हिरवा स्कार्फ धरला आणि ओढला. फळी हलली, स्कार्फ हलला नाही.

"सोड की!" अवधूत ओरडला.

"कुणासाठी?" हिरव्यानं शांतपणे विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"मलाच जायचं आहे."

अवधूतनं हात काढला. पँटला पुसला.

"हौसाकाकीला. आमच्या गल्लीत दूध घालती."

"मान कशी आहे?"

"जाड हाय. कॅन उचलून उचलून उजवीकडं कललीय. अन् लई बडबडी. तिच्या मानंवर बसलास तर गावातलं सगळं कळंल तुला."

हिरव्यानं थोडा विचार केला आणि घडी सैल सोडली.

मग अवधूतला जमू लागलं. शबानाभाभीसाठी त्यानं करडा स्कार्फ मागितला. ती दिवसभर शिलाई मशिनवर वाकलेली असते आणि मान दुखली की मशिनलाच शिव्या देते, हे ऐकून करडा लगेच तयार झाला. पोस्टातल्या कांचनसाठी मागितलेल्या पिवळ्यानं मात्र अडचण काढली.

"तिकडे बर्फ असतो का?"

"न्हाई. धूळ असती."

"मग माझं काम काय?"

"तोंडाला बांधायचं. असं." अवधूतनं हवेतच करून दाखवलं. "डोक्यावरनं घ्यायचं, तोंडावरनं दोन वेढे, मागं गाठ. फक्त डोळे दिसतात. मग स्कुटीवर बसायचं. कोण कुठं चाललंय ते सख्ख्या बापालापण वळखू येत न्हाई."

फळ्यांवर हलकी कुजबुज झाली.

"म्हणजे आम्हांला त्यांचा श्वास लागणार," पिवळा म्हणाला.

"लागणारच. कांचन गाडीवर गाणीपण म्हणती. बेसूर."

"इथे आम्हांला फक्त कोटाच्या आत खोचतात," वरच्या फळीवरून कुणीतरी खेदानं म्हणालं. त्यानंतर जयसिंगपूरला यायला कुणी हरकत घेतली नाही. म्हातारी भराभर कागद गुंडाळत होती. रसाळनं दारातून डोकावून बस लावल्याचं सांगितलं.

"आलोच," अवधूत म्हणाला. "एकच राहिलाय."

तो कोपऱ्यातल्या खालच्या फळीवर होता. डाळिंबी रंगाचा, काठाला बारीक पांढरी रेघ. निघायचं ठरलं तेव्हा पोळ्या लाटता लाटता अक्का म्हणाली होती, "सगळ्यांना झालं की मला एक डाळिंबी बघू हं अव्या." अवधूत त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"माझ्या बहिणीला पायजे. सुनंदा नाव."

"मान कशी आहे?" डाळिंबीनं विचारलं.

"बारीक. डाव्या बाजूला भाजल्याचा डाग हाय, कुकरच्या वाफेचा. त्यावर घाम आला की ती पदरानं टिपती, चोळत न्हाई. बुटकी हाय. फळीवरचा डबा काढायला मला हाक मारती अन् मी आलो की म्हणती, उंच झालास म्हणून शेफारू नगं."

"डाळिंबी आवडतो?"

"तिनंच सांगितलाय."

"तुम्ही स्वतः गळ्यात घालाल?"

"घालीन."

घडी सैल होऊ लागली होती. तेवढ्यात डाळिंबीनं नेमाचाच शेवटचा प्रश्न विचारला.

"सध्या त्यांना थंडी वाजते का?"

अवधूतनं एकदम उठून फळीवर लाथ मारली. बाजूचे दोन स्कार्फ खाली पडले. म्हातारी जागची उठली नाही. अवधूतनं पडलेले स्कार्फ उचलले, झटकले, जागेवर ठेवले आणि परत उकिडवा बसला.

"न्हाई वाजत," तो म्हणाला. "तिला आता कायच न्हाई वाजत."

"असं आहे तर," डाळिंबी म्हणाला. त्याचा आवाज सौम्य होता, पण सरकारी खिडकीतून यावा तसा. "मला वाईट वाटतं. पण नसलेल्या मानेसाठी आम्हांला जाता येत नाही. तशी सोय नाही."

"कर की सोय. सगळ्यांना नेतोय. तिलाच न्हाई? तिनं ठरवलं सगळं, अन् तिलाच न्हाई?"

"तुम्ही स्वतःसाठी मागा. मी आनंदानं येईन."

"मला नगं. अक्काचा हाय."

"मग अडचण आहे."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. "अहो कदम, चला! सगळे थांबलेत!" रसाळ ओरडला. काचेतून टिपणीस काकूंचा चेहरा दिसत होता. अवधूत उठला नाही. तो डाळिंबीच्या घडीकडं बघत राहिला. चार पदरी, कडक, इस्त्री मारल्यासारखी घडी.

"ऐक," तो म्हणाला. "आमच्यात अक्का नवीन कपडा आधी स्वतः अंगाला लावत नव्हती. साडी असू दे, शाल असू दे. घडी मोडायला मला द्यायची. लहान असल्यापास्नं. भर गल्लीत माझ्या खांद्यावर नवी साडी टाकून मला दारापास्नं पाण्याच्या टाकीपातूर चालवायची. पोरं हसायची, नवरी आली, नवरी आली म्हणून. मी रडायचो. ती म्हणायची, गप. अव्यानं घडी मोडल्याबिगर मला कापड लाभत न्हाई."

"घडी मोडली म्हणजे कापड तुमचं होत असे का?"

"खुळा हायस काय? कापड तिचंच. मी नुसती घडी मोडायची."

"आणि मग?"

"मग तिनं मागितलं की द्यायचं."

डाळिंबीनं हे नीट समजून घेतलं. "म्हणजे जाणं तुमच्या मानेसाठी. ती इथे आहे, आणि तिला थंडी वाजते आहे. मालकी सुनंदाबाईंची. त्या मागेपर्यंत ताबा तुमच्याकडे."

"होय."

"त्यांनी मागितला नाही तर?"

अवधूतनं नाक पुसलं. "तर ती न मागेपातूर माझ्याकडं."

फळ्यांवर बराच वेळ कुजबुज चालली. करड्यानं कागदातूनच काहीतरी मत दिलं. शेवटी डाळिंबी म्हणाला, "नियमात बसतं. एकच अट. त्यांना कधी हवा झाला तर कुणाला हाक मारावी लागू नये, असा मला ठेवा."

"ठेवतो," अवधूत म्हणाला.

घडी सुटली. म्हातारीनं कागद पुढं केला, पण अवधूतनं मान हलवली. स्कार्फ गळ्यात टाकला आणि बसकडं चालू लागला. दारापासून बसपर्यंत सगळी सहल त्याच्याकडं बघत होती.

"अगंबाई, बायकांचा रंग घेतलास की रे!" टिपणीस काकू म्हणाल्या.

"घडी मोडतोय," तो म्हणाला, आणि काकूंना ते लगेच समजलं. त्यांनी त्याच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवलेली चुंबकांची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.

जयसिंगपुरात त्यानं घरोघर जाऊन प्रत्येकीच्या गळ्यात आपल्या हातानं स्कार्फ घातला, कारण दुकानात प्रत्येक स्कार्फला तसं कबूल केलं होतं. हौसाकाकी रडली, मग म्हणाली, "पांढरं काठ असतं तर बरं झालं असतं," मग परत रडली. कांचन दुसऱ्या दिवशी पिवळा बांधून पोस्टात गेली, तेव्हा गाडीवर दोघं गात होती. आता पिवळाही बेसूर झाला होता.

अवधूत घरी आला. अक्काची स्कुटी कोपऱ्यात झाकून ठेवली होती. तिच्यावरची चादर त्यानं काढली. डाळिंबी डोक्यावरून घेतला, तोंडावरून दोन वेढे, मागं गाठ. दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत स्कुटीवर गेला आणि वळून आला. या वेळी कुणी हसलं नाही. पोरं नुसती बाजूला झाली.

घरात खुंट्या होत्या, पण सगळ्या त्याच्या उंचीच्या. एकीवर मामांचा टॉवेल अजून घडीत होता. अवधूतनं तो खाली घेतला, घडी मोडली, तोंड पुसलं आणि खांद्यावर टाकला. मग त्यानं हातोडी शोधली. भिंतीला पाठ लावून जराशी मान खाली घालून उभा राहिला आणि अक्काचा हात सहज कुठवर पोचायचा ते आठवून पाहिलं. आपल्या खांद्याच्या जरा खाली बोटानं खूण केली, तिथं एक खिळा ठोकला आणि डाळिंबी स्कार्फ घडी न घालता त्यावर अडकवला.