परवानगीवाले बनसोडे काका

आमच्या फाटकाची कडी मोडून पडली त्याला आता बरीच वर्षं झाली. गल्लीतली कुत्रीसुद्धा ते फाटक नाकानं ढकलून आत येतात. पण बनसोडे काका कधी तसे आले नाहीत. ते रस्त्यावर उभे राहतात, शर्टाची कॉलर नीट करतात, घसा साफ करतात आणि खणखणीत आवाजात विचारतात, "परवानगी हाय का?"

आतून "या" असं ऐकू आल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नाही. एकदा मी अंघोळीला गेलो होतो आणि बायको बाजारात. डोकं पुसत बाहेर आलो तर काका नांदेडच्या भर उन्हात हातात झाकलेलं भांडं घेऊन उभे. भांडं आमचंच होतं, परत द्यायला आणलेलं.

"अहो काका, ओट्यावर ठेवून जायचं ना!"

"बिगर परवानगी कसं ठेवायचं सर? वटा तुमचा हाय."

काका कंधारच्या तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि नांदेडला आमच्या शेजारी घर बांधून राहिले. निवृत्त ते झाले, त्यांच्यातला कारकून झाला नाही. सिटी बसमध्ये रिकाम्या सीटवर बसायच्या आधी ते शेजारच्याची परवानगी घेतात. वांगं दाबून पाहायच्या आधी भाजीवालीची घेतात. मुलीच्या लग्नात तर वराकडच्या कोणी "या, या" म्हणेपर्यंत ते मंडपाच्या तोंडाशी थांबून राहिले. मंडप त्यांनीच घातलेला होता.

आता माझ्याबद्दल. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. कॉम्प्युटरचं म्हणाल तर एकदा शेजारच्या घरचा अडकलेला कॉम्प्युटर मी बंद करून पुन्हा चालू केला आणि तो चालू झाला. एवढ्या भांडवलावर मी गल्लीत तज्ज्ञ ठरलो. लोक मान देतात म्हटल्यावर मीही नाही म्हटलं नाही. बायको मात्र म्हणते, "घरचा गिझर लावता येत न्हाई, आन् गल्लीचे कॉम्प्युटर दुरुस्त करून राहिले."

तर एका संध्याकाळी फाटकाशी आवाज आला. परवानगी दिली, काका आत आले, आणि बसायच्या आधीच म्हणाले, "सर, आमच्या सुमनचं फोल्डर उघडंना झालंय."

सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. चाकूरचं माहेर, हसरा चेहरा, आणि गळा असा की भांडी घासताना गायल्या तरी आमच्या घरातला रेडिओ आम्ही बंद करायचो. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांची एकुलती एक मुलगी मनीषा लातूरला दिलेली. आता तिचे दिवस भरत आले होते. काकूंनी जाण्याआधी तिला सांगितलं होतं, "तुझ्या बाळासाठी मी पाळणा रचलाय. कॉम्प्युटरात माझ्या आवाजात भरून ठेवलाय." बारशाला आईचाच पाळणा वाजला पाहिजे, एवढं एकच मागणं मनीषाचं होतं. रोज फोन करून ती विचारायची, "पप्पा, उघडलं का?"

"त्यात काय," मी म्हणालो. हे दोन शब्द मला आयुष्यात फार महाग पडलेले आहेत.

काकांच्या घरी गेलो. कॉम्प्युटर चालू करून बघतो तर काय, त्या यंत्रात काकांनी अख्खं तहसील कार्यालय थाटलेलं. मुलीच्या शिक्षणासाठी कॉम्प्युटर घेतला, तेव्हा काका नुकतेच घरी बसले होते. हाताला काम नव्हतं. त्यांनी तिघांची तीन खाती उघडली, तिघांची तीन फोल्डरं केली, आणि कोणी कोणाचं काय पाहायचं, काय पाहायचं नाही, याचे नियम घालून दिले. एकाच्या टेबलावरची फाईल दुसऱ्यानं उघडायची नाही, हा ऑफिसातला दस्तूर.

काकूंनी तेव्हा हसून विचारलं होतं म्हणे, "माझ्यात तुम्हाला बी येता न्हाई आलं पाहिजे. जमंल का?"

"जमंल म्हंजे? नियम सगळ्यांना सारखा," असं म्हणून काकांनी भर दुपारी बसून काकूंच्या फोल्डरातून स्वतःची परवानगी स्वतःच्या हातानं काढून टाकली. इतकी चोख की आज यंत्राचे मुख्य अधिकारी म्हणून बसूनही त्यांना आत जाता येत नव्हतं. फोल्डरवर क्लिक केलं की पडदा सांगायचा, तुम्हाला परवानगी नाही.

"पासवर्ड काय होता काकूंचा?" मी विचारलं.

काका माझ्याकडं बघतच राहिले. "बायकोला पासवर्ड इचारायचा असतो का सर?"

मी पडद्याकडं वळलो. माझे सगळे पासवर्ड माझ्या बायकोला पाठ आहेत, मला एकही नाही.

काकांची अट एकच होती. कुलूप फोडायचं नाही, रीतसर उघडायचं. मी रीतसर माऊस हातात घेतला. परवानग्यांची खिडकी उघडली. तिथं बऱ्याच चौकटी होत्या. सगळ्यांना एकदमच मोकळं करून टाकावं म्हणून मी थेट वरच्या मोठ्या फोल्डरवर गेलो आणि "सर्वजण" या नावापुढच्या रांगेत भराभर टिका मारल्या. शेवटी यंत्रानं काहीतरी लांबलचक विचारलं, त्याला मी न वाचता "हो" म्हणालो. परीक्षेत पोरांनी प्रश्न न वाचता उत्तर लिहिलं की मी वर्गात तासभर बोलतो, हे इथं सांगायला हरकत नाही.

टिका मारलेली रांग मनाईची होती.

काकांनी आपलं स्वतःचं फोल्डर उघडून पाहिलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. "सर," ते शांतपणे म्हणाले, "आता मला माझ्यात बी परवानगी न्हाई."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पण काका चिडले नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधानच दिसलं. नियम सगळ्यांना सारखा, हे यंत्रानं पाळलं होतं. पुढचे काही दिवस मी रोज संध्याकाळी तिथं जात होतो, त्यांनी केलेला चहा पीत होतो, आणि आदल्या दिवशी केलेला घोळ निस्तरत होतो. चहा ते दोन कप करायचे, पण कपबशा तीन काढायचे. एक परत ठेवायचे. ते मी पाहत होतो आणि पाहिलं नाही असं दाखवत होतो.

इकडं मनीषाला मुलगी झाली. बारशाचा दिवस ठरला. आता मला घाम फुटला. कॉलेजातल्या आमच्या कॉम्प्युटरच्या मॅडमना मी स्टाफरूममध्ये गाठलं आणि "एका मित्राचा प्रॉब्लेम आहे" असं म्हणून सगळं विचारून घेतलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "सोपं आहे सर. प्रत्येक फोल्डरला एक मालक असतो. तिथं जुन्या मालकाचं नाव काढा आणि तुमच्या मित्राचं घाला. मालक झालं की बाकीचं आपोआप होतं. नियमातच आहे तसं."

नियमातच आहे म्हटल्यावर मी उड्या मारत काकांकडं गेलो. रस्त्यावरून मीच ओरडलो, "परवानगी हाय का?" काकांना खुर्चीत बसवलं, खिडकी उघडली, आणि पडद्यावर बोट ठेवलं. तिथं लिहिलेलं होतं: मालक, सुमन बनसोडे. शेजारी एक शब्द होता, बदला.

"हे दाबा काका. सुमन काढायचं, तुमचं नाव घालायचं. झालं काम."

काकांनी माऊसवर हात ठेवला. बाण त्या शब्दावर नेला. आणि तसेच बसून राहिले. मला वाटलं, दिसत नसेल, म्हणून मी पुन्हा वाचून दाखवलं.

"दिसलं सर," ते म्हणाले. "हे घर माझ्या नावावर हाय. कंधारचा प्लॉट माझ्या नावावर. गॅस माझ्या नावावर, लाईटचं मीटर माझ्या नावावर. हजारो लोकांच्या जमिनी मी ह्याच्या नावावरून त्याच्या नावावर केल्या, पण हिच्या नावावर काही करावं असं डोक्यात आलंच न्हाई कधी. ती बी बोलली न्हाई." त्यांनी पडद्यावरच्या नावाकडं पाहिलं. "ही एकच जागा हाय तिच्या नावाची. ती बी माझ्या नावावर करू?"

नकाशात देश दाखवणारा माणूस मी, मला त्या क्षणी स्वतःच्या हातांचं काय करावं तेही सुचेना. काकांनी ती खिडकी बंद केली आणि मनीषाला फोन लावला. "बेटा, न्हाई जमलं," एवढंच म्हणाले.

बारशाला काकांनी मला सोबत नेलं. लातूरला पोचलो तेव्हा आतल्या खोलीत बायकांची गर्दी होती, पाळणा सजवलेला होता, आणि आम्ही पुरुष मंडळी रीतीप्रमाणं बाहेर सतरंजीवर. मनीषानं दारातूनच एकदा वडिलांकडं पाहिलं. डोळे लाल होते. तिनं "या" म्हटलं नाही.

आत कोणीतरी नेहमीचा पाळणा सुरू करणार, तेवढ्यात काका उठले. खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले, कॉलर नीट केली, घसा साफ केला.

"परवानगी हाय का?"

बायका एकमेकींकडं पाहायला लागल्या. पाळण्याजवळ पुरुषाचं काय काम? मनीषाच्या सासूबाईच शेवटी म्हणाल्या, "या की भाऊ."

काका आत गेले, पाळण्याची दोरी धरली आणि गायला लागले. आवाज म्हणजे तहसिलीच्या आवारात नावाचा पुकारा करतात तसा. सूर कंधारला तर ताल लातूरला. पण कडव्यामागून कडवं न अडखळता येत होतं. मनीषा दोन्ही हात तोंडावर धरून ऐकत होती. शब्द तिच्या आईचे होते. पाळणा भरताना काकू दार लावून गायच्या आणि काका बाहेर उभे राहून ऐकायचे, हे मला तेव्हा कळलं. आत जायची परवानगी नव्हती, ऐकायला कोणी मनाई केली नव्हती. शेवटचं कडवं आलं:

"आजोबा आले, दारात थांबले,
परवानगी द्या म्हणू लागले.
आत या म्हणावं, इचारता काय?
घर बी तुमचं, बाळ बी तुमचंच हाय.
जो बाळा जो जो रे जो."

पहिल्या दोन ओळींना बायका खळखळून हसल्या. पुढच्या दोन ओळींना कोणी हसलं नाही. मनीषा उठली आणि वडिलांच्या हातातली दोरी तिनंही धरली.

परतीच्या एसटीत मला राहवलं नाही. चाकूर मागं पडल्यावर मी म्हणालो, "काका, काकूंनी तर परवानगी देऊनच ठेवली होती. आता उघडू या ना ते फोल्डर. मी या वेळेला नीट वाचून टिका मारतो."

"घराची दिली सर. बाळाची दिली. फोल्डरची कुठं दिली?"

मी हसलो. तेही हसले. मग बाहेरच्या तुरीच्या शेतांकडं पाहत म्हणाले, "आन् सर, उघडलं, ऐकलं, की संपलं ना. आता कसं, दार लावून आत गाऊन राहिली असं वाटतं. मी बाहेर हाव."

तज्ज्ञ माणसानं एसटीत रडू नये म्हणून मी खिडकीकडं तोंड फिरवलं. पण काकांना ते दिसलं असावं, कारण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि परवानगी विचारली नाही.