मशीन निघाली टांझानियाले

कंपनीच्या माणसाने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, की मोजणीची मशीन टांझानियात भाड्याने मिळते, तुम्ही नुसते या. शहाण्या माणसाने "बरं" म्हणून फोन ठेवला असता. मी म्हणालो, "नाही, मी माझीच आणतो." पुढे जे काही झालं, ते या एका वाक्यामुळे.

मी अकोल्यात जमिनीची मोजणी करतो. शेतं, लेआउट, रस्ते. हल्ली ड्रोन उडवणारी पोरं पुष्कळ झाली आणि माझ्याकडे येणारी माणसं कमी झाली. चाळिशी उलटल्यावर परदेशातलं काम चालून आलं होतं, तेही धरणाच्या कालव्याचं. ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. आणि अनोळखी मशीनवर माझा हात बसत नाही. (ओळखीच्या मिक्सरवरही बसत नाही, पण तो प्रश्न घरातला आहे.)

या मशीनला टोटल स्टेशन म्हणतात. मला निरोप द्यायला माझे सासरे उत्तमराव अंजनगाव सुर्जीहून आले होते. हे नाव ऐकून ते गंभीर झाले.

"अख्खं टेसन? थे विमानात मावते काय, जवाईबापू?"

मी त्यांना मशीन दाखवली. ही तिपाईवर बसते. समोर लांब एक माणूस काठीला लावलेली काच धरून उभा राहतो. मशीन उजेड सोडते, काच तो परत पाठवते आणि अंतर कळतं. "म्हणजे काच नसली तं मशीन आंधळी," सासरे म्हणाले. इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं.

मग सामान बांधणं सुरू झालं. खरं तर बांधत होती माझी बायको वर्षाली, आणि मी ओरडत होतो. "काच हळू! काचेवर काही ठेवू नको! काचेले काही झालं तं माहं काम गेलं समज!" माझे कपडे तिने कधी भरले, मला कळलंही नाही. शेवटी मशीनची पेटी, तिपाईची लांब पिशवी आणि कपड्यांची बॅग घेऊन मी मुंबईच्या गाडीत बसलो. पेटी मांडीवर होती. खिडकीतून हात हलवायचा राहून गेला, कारण दोन्ही हात पेटीवर होते.

मशीन परत आणताना कर लागू नये, म्हणून जाताना विमानतळावर तिची नोंद करावी लागते. त्या कामाचा एजंट मुंबईत लॉजवर आला आणि म्हणाला, "सगळे भाग बाहेर काढून दाखवा." मी एकेक भाग पलंगावर मांडला. मशीन, बॅटऱ्या, चार्जर, काठी.

काच नव्हती.

तिपाईची पिशवी उलटी केली. पलंगाखाली पाहिलं. (पलंगाखाली ती कशी जाणार होती, हे विचारू नका.) मग घरी फोन लावला.

"काच कुठं आहे?"

"आहे ना," वर्षाली शांतपणे म्हणाली. "कपाटात. साड्यांच्या मांगं, कापसात गुंडाळून ठेवली."

"कपाटात काहून?"

"अवो, तुमीच तं म्हणत होते, काचेले काही झालं नाही पायजे. विमानात आदळआपट होते. म्हून मी थे पाठवलीच नाही."

मला राग येत नव्हता. मनात वेळेचा हिशेब चालू होता. दिवस रविवारचा, दुकानांना कुलपं. सोमवारी दुपारी विमान. मी फक्त म्हणालो, "वर्षाली, थे काच म्हणजेच माहं काम आहे."

पलीकडून कपाट उघडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मी घेऊन येतो."

एकटीने कधी अमरावतीच्या पुढे न गेलेली माझी बायको, वडिलांना सोबत घेऊन, रिझर्वेशन नसताना त्याच संध्याकाळी गाडीत चढली. सकाळी मी प्लॅटफॉर्मवर उभा होतो. जनरलच्या डब्यातून ती उतरली. केस विस्कटलेले, डोळे लाल, आणि ओच्यात धरलेलं एक गाठोडं. मी धावत गेलो, गाठोडं घेतलं, सोडलं, कापूस बाजूला केला, काच उजेडात धरून फिरवून पाहिली. ओरखडाही नव्हता.

"जवाईबापू," मागून सासरे म्हणाले, "सोबत पोरगीबी आली आहे."

मी वर पाहिलं. वर्षाली दुसरीकडे पाहत होती.

"बसाले जागा नोती," सासरे सांगू लागले. "दाराजवळ खाली बसली. गाठोडं मांडीवरून हालू देल्लं नाही. पानीबी मीच पाजलं तिले."

प्लॅटफॉर्मवर, इतक्या लोकांत, मी तिचा हात धरला. लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच. तिने तो सोडवला नाही.

"चुकलं माहं," मी म्हणालो.

"माहंबी चुकलं," ती म्हणाली. "विचारा लागत होतं. पण तुमी ओरडून राहिले होते, तं विचारू कशी?"

लॉजवर आंघोळी करून, चहा घेऊन आम्ही विमानतळाकडे निघालो. या वेळी कोणीच चूक करणार नव्हतं. मशीन माझ्या हातात, काच वर्षालीच्या, आणि तिपाई सासऱ्यांच्या खांद्यावर. बाहेरच्या कचेरीत नोंद झाली, शिक्का बसला. दाराशी वर्षालीने काच माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "सांभाळा." काचेला की स्वतःला, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोघंही रडलो असतो.

काउंटरवरच्या मुलीने तिपाई घेतली आणि विचारलं, "आणखी काही सामान?"

"काही नाही," मी अभिमानाने म्हणालो.

टांझानियात उतरलो. तिथल्या कस्टमच्या बाईंनी पेटी उघडली, कापूस पाहून भुवया उंचावल्या. "माय वाइफ," मी एवढंच म्हणालो. त्यांनी काच स्वतःच्या हाताने परत कापसात गुंडाळली आणि मला जाऊ दिलं.

बाहेर आलो, फोन सुरू केला, तर वर्षालीचाच फोन.

"अवो, लॉजवाला तुमची कपड्यांची बॅग देऊन राहिला. इथंच राहिली. आता घालसान काय?"

खरं होतं. तिघांचे हात भरलेले होते, बॅग धरायला चौथा माणूस नव्हता.

साइटवरच्या इंजिनिअरने आपला शर्ट आणि पँट दिली. माणूस भला होता, पण माझ्या दीडपट होता. त्या कपड्यांत मी कालव्याच्या मोजणीला उभा राहिलो. शर्ट गुडघ्यापर्यंत, बाह्या बोटांच्या खूप पुढे. पण मशीन अशी सुंदर चालत होती, की राहवलं नाही. एका मजुराला फोटो काढायला सांगितला आणि घरी पाठवला.

संध्याकाळी वर्षालीचा फोन आला. ती बोलत कमी होती आणि हसत जास्त होती.

"बाबांनी फोटो पायला," ती म्हणाली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मशीन झकास आहे. पण पीक काहीच दिसत नाही, तं शेजारी बुजगावणं काहून उभं केलं?"