इंदूकाकीची कैदाशीण

आमच्या इंदूकाकीला देवाशी हळू आवाजात बोलता येत नाही. गॅसची टाकी संपत आली, एसटी वेळेवर आली नाही, कोंबडी अंड्यासाठी खोळंबली, की ती पदर खोचून अंगणात उभी राहते आणि सरळ गाऱ्हाणं घालते. आमच्याकडे गाऱ्हाणं घालायचा मान खरं तर देवळातल्या मानकऱ्याचा. त्याने देवाकडे मोठ्याने मागायचं आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. इंदूकाकीने हा मान कोणाला न विचारता स्वतःकडे घेतला आहे.

दुजोरा द्यायला घरात कोणी नसतं. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्यामुळे ती रस्त्याने जाणाऱ्याला थांबवते. पोस्टमन, मासळीवाली, मीटर बघायला आलेला मुलगा, कोणीही चालतं. एकदा मत मागायला आलेल्या उमेदवाराने विषय न विचारताच हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हटलं. मागणं होतं, "जो कोण रस्तो करतंय म्हणता, त्येका ह्याच रस्त्यान रोज चलाक लाव रे म्हाराजा!"

माझ्या बी.ए.च्या इंग्रजीच्या पेपराआधीही तिने गाऱ्हाणं घातलं होतं. "ह्येका पस्तीस गावांदेत," असं मागितलं. मला पस्तीसच मिळाले.

"काकी, साठ मागायचे होतेस," मी म्हटलं.

"देवाक परवडाक व्हया ना रे झिला!"

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, आता कसालजवळच्या एका शाळेत शिकवतो. त्या पदवीत या काकीचा वाटा आहे, आणि तितकाच तिच्या जावेचा, म्हणजे धाकट्या काकीचा. दोघींची बिऱ्हाडं एकाच छपराखाली, मध्ये चिऱ्याची भिंत. आमच्या घरात अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून मी इंदूकाकीच्या पडवीत बसायचो. ती मला पेज द्यायची. ते कळल्यावर धाकटी काकी भिंतीपलीकडून सुक्या बांगड्याची किसमूर पाठवायची. मग इकडून घावणे, तिकडून खापरोळ्या. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि त्या भांडणावर माझं शिक्षण झालं.

भांडण एका कोंबडीवरून होतं. इंदूकाकीची कोंबडी धाकटीच्या लाकडांच्या खोपीत जाऊन खुडूक बसली आणि तिथेच पिल्लं काढली. कोंबडीची मालकीण म्हणे पिल्लं माझी, खोपीची मालकीण म्हणे जागा माझी. पुढे कोंबडी गेली, पिल्लांचीही सागोती झाली. भांडण मात्र ठणठणीत राहिलं. काही सांगायचं झालं तर मला मध्ये घ्यायच्या. "त्यांका सांग, त्यांचो गडू आमच्या बावीर रवलो हा." गडूवाल्या काकी त्याच विहिरीवर दोन हातांवर उभ्या असायच्या.

याच दोघींना टीव्हीवरच्या बायकांच्या कुस्तीचं वेड लागलं. दर शनिवारी संध्याकाळी भिंतीच्या दोन बाजूंना दोन टीव्ही लागायचे. धाकटी काकी रणरागिणीच्या बाजूने. ती गोरीगोमटी, पिवळा पोशाख, रिंगणात आल्यावर आधी वाकून नमस्कार करणारी. साहजिकच इंदूकाकी कैदाशिणीच्या बाजूने. कैदाशीण काळ्या पोशाखात, केस मोकळे सोडून यायची, पंचाला ढकलायची, लोखंडी खुर्ची उचलून समोरच्या बाईच्या पाठीत घालायची आणि शेवटी हटकून हरायची. इंदूकाकीला तिच्यात काहीच गैर दिसत नसे. "पोर जरा तापट आसा इतक्याच."

हे सगळं आधी ठरवून असतं, हे मी शिकलेला माणूस म्हणून एकदा समजावून पाहिलं.

"लग्ना पण ठरवनच होतत," काकी म्हणाली. "म्हणान मार काय खोटो आसता?"

मी टीव्हीचा आवाज वाढवून दिला. मी तेव्हा अविवाहित होतो.

गेल्या वर्षी धाकट्या काकीच्या मुलाने मुंबईत घर घेतलं आणि आईला कायमचं न्यायचं ठरवलं. वाडीत सगळ्यांना कळलं. इंदूकाकीने मात्र त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. गाऱ्हाणीसुद्धा कमी झाली. एकदा टाकी संपली तरी ती गप्प चुलीवर जेवण करत बसली, तेव्हा माझी आई म्हणाली, "हिका बरा नाय वाटता. जाव जायच्या आधी ह्यो दोघी एक शबूद तरी बोलतीत तर बरा."

त्याच आठवड्यात कुडाळात मोठा तंबू लागला. महिलांची कुस्ती, सिंधुदुर्गात प्रथमच, रणरागिणी विरुद्ध कैदाशीण! आमच्या हेडमास्तरांना पास मिळाले होते, ते त्यांनी मला दिले. इंदूकाकी मला आडोशाला घेऊन म्हणाली, "माका व्हर. पण पलीकडे कळूक नको." अर्ध्या तासाने धाकटी काकी खोपीमागून म्हणाली, "माका व्हर. पण अलीकडे कळूक नको." मी दोघींनाही नेतो म्हटलं. शिक्षणाने माणूस धीट होतो असं म्हणतात, ते खोटं आहे.

रिक्षात मी मध्ये बसलो.

"तिका इचार, मुंबयची बोचकी बांधून झाली?" इंदूकाकी समोर बघत म्हणाली.

"त्यांका सांग, बांधतलंय सावकाश. दुसऱ्यांच्या बोचक्यांची काळजी कित्याक?"

रिक्षावाला आरशातून माझ्याकडे दयेने बघत होता.

तंबू गच्च भरला होता. पहिली कुस्ती लागणार इतक्यात दिवे गेले. जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. लोकांनी शिट्ट्या सुरू केल्या. आयोजक बाहेरचा होता, टाय लावलेला बिचारा, इकडून तिकडे धावत होता. इंदूकाकीने त्याला बाहीला धरून थांबवलं.

"नारळ ठेवलात?"

"कसला नारळ, आजी?"

"जागेच्या राखणदाराक रे! न सांगता, न इचारता खांब पुरलात?"

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे क्रिकेटचा सामनासुद्धा राखणदाराला नारळ ठेवल्याशिवाय होत नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "म्हातारी बरोबर सांगता!" बघता बघता कुठून तरी नारळ आला. देवळातला मानकरी काही तिथे नव्हता. मग आयोजकाने हात धरून काकीलाच रिंगणात चढवलं. दोर ओलांडताना तिचं पातळ अडकलं, ते कैदाशिणीने सोडवलं. मोबाईलच्या उजेडात दोन्ही पैलवान बायका हात जोडून उभ्या राहिल्या. काकीने पदर खोचला. माइकची तिला गरज नव्हतीच.

"बा देवा म्हाराजा! रवळनाथा, सातेरी आवशी, ह्या जागेच्या राखणदारा! ह्या टायवाल्याक तुजी वळख नाय, त्येची चूक पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तंबू गरजला. आयुष्यात पहिल्यांदाच काकीला इतका दुजोरा मिळत होता. मग तिला आवरणं कठीण झालं.

"ह्यो दोनय पोरी कोणाच्यो तरी लेकी आसत. कोणाचो हात मोडूक देव नको, कोणाची कंबर लचकूक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काजूच्या बीला दर मागून झाला. कसालच्या नाक्यावर एसटी थांबवून झाली. माकडांना दुसऱ्या तालुक्यात पाठवून झालं. आयोजक घड्याळ बघू लागला. मग काकीचा आवाज जरा खाली आला.

"आणि जा कोण आपला घर बंद करून परमुलखाक जाता, त्येका वाटेत काटो लागूक देव नको, थंय ताप-खोकलो येवक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि थंय त्येका अजिबात करमूक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा तंबू आनंदाने ओरडला. सगळा म्हणजे एक सोडून. माझ्या शेजारी धाकटी काकी मान खाली घालून चष्मा पुसत होती आणि पुसून झाला तरी पुसत होती.

नारळ फुटला, आणि कोणी काही म्हणो, जनरेटर सुरू झाला. आयोजकाने काकीचे पाय धरले.

कुस्ती मात्र पार बिघडली. कैदाशिणीने नेहमीप्रमाणे खुर्ची उचलली. आता लोकांनी शिव्या द्यायच्या, अशी पद्धत असते. त्याऐवजी मागून एक आजोबा कळवळून ओरडले, "गो चेडवा, खुर्ची ठेय! गाराणा घातलेला हा!"

"ठेय! ठेय!" सगळे ओरडू लागले. कैदाशीण गोंधळली. पंचाकडे बघितलं, रणरागिणीकडे बघितलं, खुर्ची खाली ठेवली आणि दुसरं काही न सुचून तिच्यावर बसली.

इंदूकाकी उभी राहिली. "अगो, बसतंस काय? ऊठ, घाल तिच्या पाठीत!"

"काकी, तूच गाऱ्हाणं घातलंस ना?"

"हात मोडूक देव नको म्हटलंय. मारूक नको खंय म्हटलंय?"

शेवटी रणरागिणीने कैदाशिणीला खुर्चीवरून हलकेच, आजाऱ्याला उठवावं तसं उचललं आणि अलगद आपटलं. रणरागिणी जिंकली. धाकट्या काकीने टाळी वाजवली नाही आणि इंदूकाकीनेही कोणाचा उद्धार केला नाही.

परतीच्या रिक्षात मी पुन्हा मध्ये. ओरोस मागे पडलं.

"असा मागतत कोणाचा?" धाकटी काकी एकदम म्हणाली.

मी सवयीने इंदूकाकीकडे वळलो. "काकी, ती विचारते की—"

"तू गप रे!" दोघी एकदम म्हणाल्या.

"काय वायट मागलंय?" इंदूकाकी म्हणाली. "ताप नको, खोकलो नको. एक करमूचा तेवढा रवला."

"माज्या झिलान हौसेन घर घेतल्यान हा."

"घेवंदे. मी खंय पाडूक सांगलंय?"

रिक्षा खड्ड्यातून गेली. आम्ही तिघंही उडून पुन्हा होतो तिथे बसलो.

"मी व्हय म्हाराजा म्हणाक नाय," धाकटी म्हणाली.

"बघलंय मी वरसून."

"म्हटला असता तर खरा झाला असता. मगे थंय मी काय करतलंय?"

माझ्या अंगावरून हात टाकून इंदूकाकीने धाकटीचा बाहेर फडफडणारा पदर आत ओढला आणि तिच्या मांडीखाली नीट दाबून ठेवला.

पुढच्या रविवारी मुलगा गाडी घेऊन आला. गाडी निघाली तेव्हा इंदूकाकी निरोप द्यायला बाहेर आली नाही. मागल्या दारी ती नारळाच्या झावळ्या विणत बसली होती. विणत कसली, विणलेल्या उसवत होती.

त्यानंतरच्या शनिवारी मी शाळेतून येताना तिच्याकडे डोकावलो. टीव्ही लागला होता. काकी खाटेच्या कडेला बसून मुठी आवळून ओरडत होती, "हाण तिका! ऊठ, माजे बाये, हाण!"

पडद्यावर पाहिलं, तर खाली पडलेली रणरागिणी होती आणि वर कैदाशीण.

"काकी, तू पक्ष बदललास?"

"बदलूक मी काय पुढारी?" ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "हंय आता त्या पोरीच्या बाजून कोण आसा? कोणीतरी रवाक नको?"

मी चपला काढून तिच्या शेजारी बसलो. थोडा वेळ बघितलं आणि मग कैदाशिणीची बाजू घेतली. कार्यक्रम संपेपर्यंत काकीने माझी, माझ्या पदवीची आणि मला पगार देणाऱ्या शाळेची अक्कल काढली. घरी गेलो तेव्हा आई दारातच उभी होती. म्हणाली, "काकीचो आवाज आज बऱ्याच दिसांनी हंयसर आयकाक इलो."