तिसरा आग्रह

व्हर्लिन स्कोग्मोला कुणाला 'नाही' म्हणता येत नसे, आणि नेमकं तेवढंच म्हणायला त्याला पार पाइन पोर्टेजपर्यंत जायचं होतं. म्हणून आदल्या दुपारी जेवणाच्या टेबलावर त्याची बायको मार्डेल त्याची तालीम घेत होती.

"मी पाइन पोर्टेज कॉलेजची प्राचार्या. आम्हाला तुमच्या क्रीडामंडळात घ्या."

"त्याचं असं आहे की..."

"असं नाही अन् तसं नाही. सरळ नाही म्हण."

"नाही," व्हर्लिन म्हणाला आणि लाजला.

"शाब्बास! आणखी बटाटे वाढू?"

"नको."

"घे रे थोडे."

"नको, खरंच पोट भरलंय."

"अरे, एवढ्याशासाठी भांडं अडकून राहील. घे."

"बरं, तू एवढं म्हणतेस तर..."

मार्डेलनं डाव खाली ठेवला. "झालं! उद्या तू ते कॉलेज पदरात घेऊनच परत येणार, लिहून ठेव."

व्हर्लिन प्रेअरी क्रीडामंडळाचा कमिशनर होता. हुद्दा भारदस्त, पण ऑफिस खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानाच्या माडीवर. मंडळात आमच्या दक्षिण मिनेसोटातली छोटी छोटी कॉलेजं. त्यातलं एक गेल्या वर्षी मोठ्या मंडळाचं बोट धरून निघून गेलं, आणि उरलेल्यांची संख्या एकानं कमी पडली. ठरावीक संख्या नसेल तर मंडळाच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळत नाही. म्हणून नव्या सदस्याचा शोध सुरू झाला, अगदी स्थळं बघावीत तसा.

दोन अर्ज आले. एक शेजारच्याच तालुक्यातलं कॉलेज. ते सगळ्यांनी डोळे झाकून पसंत केलं. दुसरं पाइन पोर्टेज, कॅनडाच्या अगदी उंबऱ्यावर. बर्फात बसनं तिथं जायचं म्हणजे अख्खा दिवस. बास्केटबॉलचा एक सामना हरण्यासाठी एवढा प्रवास करायला कुणाचीच तयारी नव्हती.

"पत्र पाठवून कळवू का?" व्हर्लिननं मंडळाच्या अध्यक्षा लोइस क्वाम यांना विचारलं होतं. क्वामबाई स्वतः एका कॉलेजच्या प्राचार्या, आणि आवाज असा की शिट्टी न वाजवताही खेळ थांबावा.

"पत्रानं नकार? आपण काय न्यूयॉर्कचे आहोत? समोर बसून, गोड बोलून सांगा. आणि व्हर्लिन, तुमचा करार या वसंतात संपतोय. हे एवढं निस्तरून या, मग त्याचं बोलू."

त्याला ही नोकरी जिवापाड प्रिय होती. मंडळातल्या प्रत्येक जिममधल्या पॉपकॉर्नची चव त्याला डोळे मिटून ओळखता यायची. ही नोकरी गेली तर शनिवारी करायचं काय, हे त्याला खरोखरच सुचत नव्हतं.

पाइन पोर्टेजला प्राचार्या थेआ बर्गस्ट्रँड स्वतः दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याचा कोट काढून घेतला, शेगडीजवळची खुर्ची दिली आणि समोर वाफाळती हॉटडिश ठेवली. वरून बटाट्याचा खरपूस थर, आत मांस आणि मशरूम. दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर व्हर्लिननं धीर केला.

"थेआबाई, तुम्ही फारच लांब राहता हो."

"खरंय," त्या म्हणाल्या. "आम्ही आलो तर तुम्हाला त्रासच व्हायचा."

दार असं आपोआप उघडलं होतं. नुसतं 'हो ना' म्हणून बाहेर पडायचं. पण ज्याच्या ताटातलं पोटात गेलंय त्याला 'हो, त्रास होईल' असं कोण म्हणेल?

"छे! त्रास कसला? या की," व्हर्लिनच्या तोंडून गेलं.

"नको हो. उगाच ओझं कशाला?"

"ओझं कसलं? आनंदच होईल आम्हाला."

"नको, खरंच नको."

इथं व्हर्लिननं जीभ दाताखाली धरली. कारण आमच्याकडचा कायदा लहान पोरालाही ठाऊक असतो. पहिला नकार हा शिष्टाचार, दुसरा हा चांगुलपणा, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की नाही म्हणणं म्हणजे अपमान. म्हणून ज्याला मनापासून बोलवायचं नसतं तो दोनदाच विचारतो आणि हवापाण्याकडे वळतो. थेआबाईंनी दोनदा नकार दिला होता. आता तिसऱ्यांदा विचारलं नाही की काम फत्ते.

"यंदा बर्फ लवकर पडलं," व्हर्लिन म्हणाला.

"लवकरच पडलं," थेआबाई म्हणाल्या, आणि त्यांचाही चेहरा का कोण जाणे उजळला.

बर्फावर बोलून झालं, मग मासेमारीवर, मग कुणाकुणाच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनवर. व्हर्लिन उठला. पण आमच्याकडे उठणं म्हणजे निघणं नव्हे. कोट घालताना एकदा निरोप होतो, दारात एकदा, पायऱ्यांवर एकदा. प्रत्येक ठिकाणी त्यानं ओठ घट्ट मिटून ठेवले. अखेर तो गाडीत बसला. तेवढ्यात थेआबाई धावत आल्या आणि त्यांनी खिडकीतून लिंबाच्या वड्यांनी भरलेला ट्रे आत सरकवला. ट्रेच्या बुडाला त्यांच्या नावाची चिकटपट्टी होती.

"वाटेत खायला. ट्रेची काही घाई नाही."

व्हर्लिन विरघळला. "अहो, किती करता! आता तुम्हीही या हं आमच्याकडे."

म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं, हा तिसरा आग्रह झाला. थेआबाईंचं हसू जागच्या जागी थिजलं.

"तुम्ही एवढं म्हणताय तर..." थेआबाई हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी क्वामबाईंचा आवाज फोनशिवायही ऐकू आला असता.

"तिसऱ्यांदा विचारलंत?"

"हातात वड्या होत्या हो."

"वड्या! वड्यांसाठी मंडळ विकलंत तुम्ही! आता थेआबाई मंडळाच्या बैठकीला येणार. येऊ देत. मीच त्यांच्या तोंडावर नाही म्हणते. बघा आणि शिका. आणि तुमच्या कराराचं म्हणाल तर, दुसरीकडे कुठं ओळख असेल तर काढून ठेवा."

बैठकीच्या दिवशी सगळे प्राचार्य जमले. क्वामबाई ठेवणीतला गंभीर कोट घालून आल्या होत्या. सोबत त्यांनीही वड्यांचा ट्रे आणला होता, कारण भांडण असलं तरी रिकाम्या हातानं कसं यायचं? आणि दार उघडून थेआबाई आत आल्या. खांद्यांवर बर्फ, नाक लाल, हातात एकावर एक रचलेले तीन ट्रे.

"जास्त वेळ घेत नाही," त्या उभ्यानंच म्हणाल्या. "मी विचार केला. आम्ही आलो तर तुम्हा सगळ्यांची फरफट होईल. तेव्हा राहू दे."

क्वामबाईंनी फक्त 'बरं' म्हणायचं होतं. व्हर्लिननं बघितलं, त्यांचे ओठ 'ब'साठी मिटलेसुद्धा. पण त्यांची नजर थेआबाईंच्या भिजलेल्या बुटांवर गेली.

"छे छे, फरफट कसली!" क्वामबाई म्हणाल्या.

"नको हो, खरंच."

"अहो, तेवढीच पोरांना जंगलं बघायला मिळतील," कोपऱ्यातून दुसरे एक प्राचार्य म्हणाले. याच गृहस्थांनी बसच्या प्रवासाविरुद्ध सगळ्यात लांबलचक भाषण ठोकलं होतं.

"नको, उगाच कशाला..."

आता सगळे गप्प बसले. दोन झाले होते. कुणी कुणाकडे बघेना. क्वामबाईंनी उगाच थेआबाईंच्या वरच्या ट्रेमधली एक वडी उचलली, तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"अग बाई, काय सुरेख झाल्यात!" त्या म्हणाल्या. "या हो तुम्ही!"

थेआबाई मटकन खुर्चीत बसल्या. "तुम्ही एवढं म्हणताय तर..."

ठराव एकमतानं मंजूर झाला. एकानं तर टाळ्याही वाजवल्या.

बाहेर गाड्यांपाशी थेआबाईंनी व्हर्लिनला बाजूला घेतलं. "एक सांगू? मी अर्ज मागे घ्यायला आले होते. आमचे सगळे कोच बसच्या नावानं रडताहेत. त्या दिवशी जेवतानाही मला तेच सांगायचं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"दोनदा सांगितलं की!"

"मीसुद्धा तुम्हाला नाही म्हणायलाच आलो होतो," व्हर्लिन म्हणाला, आणि दोघं गाडीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

थेआबाई गेल्या, तशा क्वामबाई बाहेर आल्या. घसा खाकरून म्हणाल्या, "व्हर्लिन, आता मी कुठल्या तोंडानं तुम्हाला बोलणार? कमिशनर म्हणून पुढंही राहा."

व्हर्लिनला आनंदानं उडी मारावीशी वाटली. पण जन्माची सवय तोंडातून बोलून गेली, "छे, आता कुणी तरुण माणूस बघा."

"अहो, राहा."

"नको हो, मंडळाला माझा भार कशाला?"

दोन झाले. क्वामबाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. तिसऱ्या आग्रहाची किंमत त्यांना आजच नीट कळली होती.

"बरं," त्या म्हणाल्या आणि गाडीकडे निघाल्या.

व्हर्लिन धावला. त्यानं त्यांच्या काचेवरचं बर्फ खरवडलं, दार उघडून दिलं, थंडीबद्दल बोलला, रस्त्याबद्दल बोलला, त्यांच्या कुत्र्याचीही चौकशी केली. क्वामबाईंनी सगळ्याची उत्तरं दिली, पण ते एक वाक्य काही येईना. गाडी निघाली. व्हर्लिन बर्फात उभा राहून बघत होता. स्वतःच्या जिभेनं स्वतःची नोकरी घालवलेला माणूस मिनेसोटात तरी दुसरा नसेल.

फाटकाशी गाडी थांबली. मागचे लाल दिवे लागले आणि ती हळूहळू उलटी येऊ लागली. खिडकीची काच खाली झाली.

"व्हर्लिन," क्वामबाई म्हणाल्या, "तेवढं एक..."

"राहतो!" व्हर्लिन ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं समोरच्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

क्वामबाईंना खरं तर आत विसरलेला ट्रे हवा होता. पण समोरचा माणूस एवढ्या आनंदानं 'राहतो' म्हणाल्यावर त्याला नाही कोण म्हणणार?

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता आतून माझा ट्रे तेवढा आणून द्या."