तिसऱ्या रकान्याचा वैरी

आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण त्या बहुतेक लांबलचक होत्या. करता करता मलाच दम लागायचा. ही एक मात्र एका अक्षराची.

पाळी गावचे माझे मामा ऑपरेशननंतर महिनाभर गोव्यात पेडण्याला आमच्याकडे राहिले होते. त्यांच्या लिव्हरमधली गाठ काढली होती आणि गाठ कर्करोगाची होती. एका सकाळी फोन वाजला. पलीकडून आवाज आला, "मामा आसा?" मामा पाव आणायला गेले होते, आणि पाव आणायला गेले की ते गावभर बोलून येत. मी दात घासत होतो. तोंडातला फेस सांभाळत म्हणालो, "ना." आमच्याकडे घरात नसलेलाही 'ना' आणि जगात नसलेलाही 'ना'.

पलीकडे फोन बंद.

तासाभराने आमच्या आळीतले पुंडलिकबाब दारात उभे; फोन त्यांचाच होता. इस्पितळातून स्कूटर हाणत आलेले, डोळे लाल. त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, ह्यांच्याच नात्यातलं कोणी गेलं असावं. मीही चेहरा पाडून त्यांचा हात दाबला. आम्ही दोघे असे एकमेकांचं सांत्वन करत उभे असताना मामा काखेत पावांची पिशवी घेऊन पायऱ्या चढले.

"कोण गेलो रे?" मामांनी विचारलं.

पुंडलिकबाबनी बोट उचललं, मामांकडे केलं आणि तसंच हवेत ठेवलं.

"मी मेलंय म्हणान कोणी सांगल्यान तुका?" मामा कडाडले. पुंडलिकबाबनी खिशातून पेन काढलं, बॅगेतून फॉर्म काढला आणि आमच्या दाराच्या चौकटीवर कागद धरून 'जिवंत'समोर अशी खूण केली, की कागद फाटला.

पुंडलिकबाब आमच्याच आळीत चार घरं सोडून राहतात. एकटेच. ते एका मोठ्या इस्पितळाच्या संशोधन विभागात आहेत, पण पांढरा कोट घालून भिंगातून बघणारे ते नव्हेत. लिव्हरची गाठ काढली की तिचा एक तुकडा तिथे मेणात घालून ठेवतात, त्याचे पापुद्रे कापतात, रंग लावतात आणि त्यात काय काय दिसतं ते लिहून घेतात. पण हे दिसलं तर रोगी किती जगतो आणि ते दिसलं तर किती, हे तुकडा सांगत नाही. "तुकडो कपाटात, मालक गावात," पुंडलिकबाब म्हणतात. तो मालक जिवंत आहे का, हे दर तीन महिन्यांनी बघून येणं, ही त्यांची नोकरी.

फॉर्मला तीन रकाने असतात. जिवंत. मृत. संपर्क तुटला. पहिल्या दोघांशी पुंडलिकबाबांचं वैर नाही. तिसरा त्यांचा जन्माचा वैरी. "मेललो माणूस विज्ञानाक उपेगी पडता," ते बजावतात. "जितो पडता. हरवललो कोणाच्याच उपेगाक पडना!" इतर लोक त्या रकान्यात खूण करून चहा प्यायला जातात. पुंडलिकबाब स्कूटरला किक मारतात.

तुयेच्या औद्योगिक वसाहतीतला एक कामगार ऑपरेशन झाल्यावर नोकरी सोडून गडहिंग्लजकडच्या आपल्या गावी निघून गेला आणि फोन उचलेना. पुंडलिकबाब रजा टाकून एसटीने गेले. हातात बॅग घेतलेला इस्पितळाचा माणूस बांधावरून येताना दिसल्यावर तो बिचारा थेट उसात शिरला. त्याला वाटलं, हा आपल्या मरणाची तारीख घेऊन आला. त्याची बायको बांधावर उभी राहून म्हणे, "त्येंना न्हाई सांगायचं काय बी! आमाला न्हाई ऐकायचं!" पुंडलिकबाब उसाच्या दिशेने ओरडले, "भायर येव नको रे! नुसतो 'हो' म्हण!" बराच वेळ पानं हलली. मग उसातून आवाज आला, "हो." पुंडलिकबाबनी खूण केली, त्या बाईने दिलेल्या शेंगा खाल्ल्या आणि परतीची एसटी पकडली.

आता हे ऐकायला गमतीचं आहे. मीच ते लग्नाच्या पंगतीत रंगवून सांगत असे. पण ज्या घरात अशी गाठ झालेली असते, तिथे ती स्कूटर वाजली की बायका गॅस बारीक करतात. कारण पुंडलिकबाब सरळ कधी विचारत नाहीत. लिंबं आहेत का, कढीपत्ता मिळेल का, असं काहीतरी घेऊन येतात आणि सगळ्या घराला कळतं की ते लिंबासाठी आलेले नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या कारखान्यात आरोग्य तपासणी झाली. माझ्या पोटाचा फोटो काढणाऱ्या मुलीने यंत्र एकाच जागी तीनदा फिरवलं आणि बोलायचं थांबली. तोवर ती माझ्याशी सुरमईच्या भावाबद्दल बोलत होती. मग डॉक्टर म्हणाले, लिव्हरवर डाग दिसतोय, मोठ्या इस्पितळात दुसरा फोटो काढा. तो काढला. रिपोर्ट चार दिवसांनी. बातमी मात्र आळीत त्याच दिवशी.

चार दिवस म्हणजे किती, हे मला कॅलेंडरने कधी सांगितलं नव्हतं. मी उजव्या बरगडीखाली बोटं घालून बसू लागलो. तिथे दुखत नव्हतं, म्हणून भीती वाटे; दाबून दाबून दुखायला लागलं, तेव्हा जास्तच वाटू लागली. आरशात डोळ्यांचा पिवळेपणा बघायचो. बाथरूममधला दिवा पिवळा आहे हे मला बायकोने तिसऱ्या दिवशी सांगितलं.

आणि पहिल्याच संध्याकाळी दारातून आवाज आला, "आसा?"

"आसा," बायको म्हणाली. "काय जाय, पुंडलिकभाऊ?"

"लिंबू."

दुसऱ्या संध्याकाळी कढीपत्ता. तिसऱ्या संध्याकाळी ते वर्तमानपत्र मागायला आले, आणि काखेत त्यांचं स्वतःचं वर्तमानपत्र होतं! मी आतल्या खोलीत खाटेवर बसून हिशेब मांडला. हा माणूस त्याच इस्पितळात काम करतो. ह्याने माझा रिपोर्ट बघितला आहे. मी ज्या गोष्टी पंगतीत सांगून लोकांना हसवलं, त्यातला ऊस आता मला पाहिजे होता.

मी बाहेर आलो. "पुंडलिकबाब, खरं सांगा. माझं नाव तुमच्या यादीत आहे का?"

ते गडबडले. "आसा," म्हणाले.

बायकोच्या हातातला पेला खाली पडला.

"कधीपासून?"

"चार वर्सां जाली. तू कंट्रोलात."

कंट्रोल म्हटल्यावर मला रेशनचं दुकान आठवलं. मग उलगडा झाला. चार वर्षांपूर्वी त्यांच्या शिबिरात चहा-बिस्किटाच्या मोहाने मी रक्त दिलं होतं. रोग्यांचं रक्त ज्यांच्याशी ताडून बघायचं, त्या धडधाकट माणसांच्या यादीत मी होतो. चार वर्षं मी पेडण्यात कारखान्याला दांडी मारत, भजी खात हिंडत होतो आणि तिकडे विज्ञान माझ्या लिव्हरकडे आदर्श म्हणून बघत होतं.

"आणि आता हा डाग निघाला तर?"

"तर तुजा पान बदलतला," ते म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांनी जीभ चावली. "पण मी रिपोर्ट बघूक ना. आईशपथ. माका बघूचो ना."

"मग रोज कशाला येता?"

दोन वर्तमानपत्रं काखेत घेऊन ते निघून गेले.

चौथ्या दिवशी सकाळी ते स्कूटर घेऊन दारात. "चल, मी वांगडा येतंय. तुका थंयचा काय कळाचा ना." ते खरंच होतं, सोबत हवीच होती. मी मागे बसलो. वाटेत त्यांनी मला धीर दिला: कुठल्या खिडकीत जायचं, कोणाला काय विचारायचं, कागदावरचा कुठला शब्द वाईट आणि कुठला नुसता दिसायला वाईट. इतकं बोलले, की मला त्यांच्या पाठीचा आधार वाटू लागला.

इस्पितळात रिपोर्टच्या खिडकीसमोर रांग होती. आमचा नंबर आला. पुंडलिकबाब पुढे झाले. खिडकीतला माणूस त्यांच्या ओळखीचाच. त्याने विचारलं, "कोणाचो रिपोर्ट, बाब?" ज्यांनी उंबऱ्या-उंबऱ्यावर जाऊन विचारलं, त्या पुंडलिकबाबांना माझं नाव घेता येईना. त्यांनी माझ्या शर्टाची बाही धरली होती. ती सोडली आणि ते बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले.

माझं नाव मीच सांगितलं. पाकीट घेतलं. डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, डाग लहान आहे, आज चांगला-वाईट काहीच म्हणता येणार नाही, तीन महिन्यांनी परत फोटो काढू.

मी बाहेर आलो. पुंडलिकबाब पायऱ्यांवरच होते. मी सांगितलं, तीन महिने.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "सुशीलेचो रिपोर्ट ह्याच खिडकीत घेतलेलंय. चार दिस वाट बघलंय. घरात ती आणि मी. चार दिस कोण्णूच इलो ना रे. लोक भियेतत." आणि पुढे, "तिचो तुकडो आसा अजून. कपाटाचो तो खण मी दुसऱ्या कोणाक पुसूक देयना."

त्यांच्या पत्नी सुशीलावहिनी गेल्या तेव्हा मी ह्याच आळीत राहत होतो. चार घरं सोडून. मी गेलो नव्हतो.

पायऱ्यांवरून त्यांना मी उठवलं. स्कूटर त्यांच्याने चालवेना, म्हणून मी चालवली; पुंडलिकबाब मागे, माझ्या खांद्याला धरून.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तीन महिन्यांचं आधी, मग खिडकीचं, पायऱ्यांचं, सुशीलावहिनींचं. ती माझ्या ताटात भात वाढत होती. वाढलेल्या भातावर तिने परत भात वाढला, मग परत. नंतर डाव खाली ठेवला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "बरां झाला, तुमी वांगडा होतात. एकटो काय करतलो होतो पुंडलिकभाऊ?"