सत्कार करणारे अण्णा

आमच्या ओंगार उपनगरातून डब्लिन शहरात जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर एका सकाळी खांद्यावर शाल पांघरून बस चालवत होता. तिकिटाच्या यंत्राशेजारी नारळ ठेवलेला. हे काम अण्णा दामल्यांचं, हे मी दारात पाय ठेवताच ओळखलं.

अण्णा म्हणजे माझ्या शेजारच्या मृदुलाचे वडील. सांगलीहून लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेले. तिथल्या एका सांस्कृतिक मंडळाचे ते हयातभर कार्यवाह होते. लोक येताना लोणचं-पापड आणतात, अण्णांनी बॅग भरून शाली आणल्या. नारळ इथल्या इंडियन दुकानातून. या देशात बसमधून उतरताना सगळे ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणतात, ते अण्णांना फारच तुटपुंजं वाटलं. "अहो, एवढं मोठं वाहन, आत एवढे जीव! यथोचित नको व्हायला?"

त्यांच्या मते जगात बहुतेक गोष्टी होतात, पण यथोचित होत नाहीत.

घर गरम ठेवणारा बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाचा सत्कार त्यांनी काम सुरू व्हायच्या आधीच उरकला. शाल पांघरून बसलेल्या त्या गृहस्थाला 'हा बॉयलर गेला' असं सांगायचा धीर होईना. बिचारा संध्याकाळपर्यंत नुसता पाना फिरवत बसला. सत्कारात भाषणही असे, मराठीत. अण्णा पाच मिनिटं बोलत आणि मृदुला भाषांतर करी, "ही सेज थँक्स."

मला स्वतःला समारंभ सोसत नाहीत. उद्घाटनाच्या समईपाशी वारा सुटला की माझी सहानुभूती वाऱ्याला असते. त्यामुळे अण्णांकडे मी गंमत म्हणूनच बघत होतो. पण मृदुलाला त्यात गंमत नव्हती. ती नर्स आहे. तिने नर्स व्हायला अण्णांचा कडाडून विरोध होता, आणि सांगलीत ते अजूनही "मुलगी परदेशात वैद्यकीय क्षेत्रात असते" एवढंच सांगतात. एकदा ती कुंपणापलीकडून मला म्हणाली, "दादा, बॉयलरवाल्याला शाल मिळाली. मी अजून वेटिंग लिस्टवर." हसतच म्हणाली. पण हसून झाल्यावरही तिथेच उभी राहिली.

अण्णा शनिवारी परत जाणार होते. पुन्हा एवढा प्रवास झेपायचा नाही, हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं.

त्याच आठवड्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या स्लायगो गावाहून नोईचं बोलावणं आलं. नोई ही मृदुलाची थाई मैत्रीण, तीही नर्स. एप्रिलच्या मध्याला थाई लोकांचं नववर्ष असतं, सोंगक्रान. त्यासाठी त्यांनी एक हॉल घेतला होता. बँकॉकच्या रस्त्यांवर त्या दिवशी माणसं एकमेकांना पाण्याच्या बंदुकांनी झोडपतात, हे मी व्हिडिओत पाहिलं होतं, म्हणून रेनकोट घातला. अण्णा बंद गळ्याचा कोट आणि फेटा घालून गाडीत बसले. "नववर्ष आहे," ते माझ्या रेनकोटाकडे बघत म्हणाले.

स्लायगोत पाऊस आडवा पडत होता. हॉलच्या आवारात मुलं बादल्या घेऊन पळत होती. कोण पावसाने भिजलंय आणि कोण परंपरेने, ते ओळखणं अशक्य होतं. आम्ही दारापाशी पोचलो तोच एका लाल केसांच्या मुलीने अख्खी बादली अण्णांवर उपडी केली. "हॅपी न्यू इयर, मिस्टर!"

मी हादरलो. त्या थंडीत, त्या वयाच्या माणसावर! अण्णांच्या फेट्यातून धार लागली. तेवढ्यात नोईच्या आईने पुढे होऊन त्यांच्या दोन्ही गालांना कालवलेली पांढरी पावडर फासली. अण्णांनी हात जोडले. "स्वागत उत्तम आहे," ते दात वाजवत म्हणाले.

आत मात्र सगळं शांत होतं. खुर्च्यांच्या रांगेत म्हातारी माणसं बसलेली. नोईने आम्हाला रीत सांगितली. लहानांनी मोठ्यांच्या ओंजळीत सुगंधी पाणी ओतायचं, वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा मागायची, आणि मोठ्यांनी आशीर्वाद द्यायचा. अण्णांना मधली खुर्ची मिळाली. पहिल्या तरुणाने गुडघे टेकून त्यांच्या ओंजळीत पाकळ्यांचं पाणी ओतलं. अण्णांनी डोळे मिटले, ते पाणी पिऊन टाकलं आणि ओला हात फेट्यावरून फिरवला.

रांगेतली सगळी म्हातारी माणसं माना वळवून बघायला लागली.

"अण्णा! तीर्थ नाहीये ते!" मृदुला ओरडली. "अत्तर घातलंय त्यात!"

"आता काय, लोकांसमोर थुंकू?" अण्णा म्हणाले. मग ओठ पुसत, "साबणासारखं लागलं थोडं." नोईच्या आईला हसू आवरेना, ती पदरासारखा रुमाल तोंडाला लावून बसली.

मग मृदुलाची पाळी आली. "म्हणजे क्षमा मीच मागायची," ती मला ऐकू येईल इतपत पुटपुटली आणि वाडगं घेऊन अण्णांसमोर बसली. ती पाणी ओतायला वाकली तेव्हा अण्णा तिच्या हातांकडे बघत होते. ते हात मीही तेव्हाच नीट पाहिले. बोटांच्या पेरांवर भेगा, नखांभोवतीची कातडी सोललेली, लाल.

अण्णांनी ओंजळ मिटली. पाणी जमिनीवर सांडलं. त्यांनी तिच्या हातातून वाडगं काढून घेतलं आणि उठून उभे राहिले. मला वाटलं, इतक्या लोकांत हा माणूस आता लेकीचा अपमान करणार.

"बस इथे," ते खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले.

"अहो अण्णा, उलटं असतं ते. मोठ्यांनी..."

"बस म्हणतो ना."

ती बसली. अण्णा खुर्चीच्या हाताला धरून, एकेक गुडघा टेकत खाली बसले. रांगेतले एक आजोबा, हे चुकतंय असं सांगायला उठले, पण नोईच्या आईने त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं. अण्णांनी मृदुलाच्या हातावर पाणी ओतलं. तिने चटकन श्वास ओढला.

"चुरचुरतं?"

"थोडंसं."

"कशाने झालं हे असं?"

"धुवावे लागतात सारखे. प्रत्येक पेशंटनंतर."

मी भाषणाची वाट बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मला ते हवं होतं. अण्णांनी कोटाच्या खिशातून चिंब झालेला रुमाल काढला, पिळला, आणि तिचं एकेक बोट जपून टिपायला लागले.

"सांगायचं नाही का गं कधी?"

मृदुलाने दुसरा हात पुढे केला.